आग विझल्यावर शिजणारे जेवण

एक कोडे घालतो. तुमच्यासमोर वीस किलो अळकुड्या, म्हणजे अळवाचे कंद, ठेवलेले आहेत. सरपण भरपूर आहे, पाणी आहे, केळीची पाने आहेत, आणि दगड तर हवे तेवढे आहेत. परंतु पातेले नाही, मडके नाही, तवा नाही; धातूचा एक तुकडासुद्धा नाही. पंचवीस माणसांना जेवायला घालायचे आहे. अळकुड्या निखाऱ्यांवर टाकाल, तर वरची साल करपेल आणि आतला गर कच्चा राहील. कच्चे अळू खाल्ल्यावर घशाची काय अवस्था होते, हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला वेगळे सांगायला नको. तेव्हा या अळकुड्या आतपर्यंत, नीट, आणि सगळ्या एकदम कशा शिजवाल?

हे कोडे मी कल्पनेने रचलेले नाही. पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन लोकांनी ते प्रत्यक्षात सोडवले, आणि शेकडो वर्षे त्याच उत्तरावर आपली चूल चालवली. नकाशात उत्तरेला हवाई, नैर्ऋत्येला न्यूझीलंड आणि आग्नेयीला ईस्टर बेट असे तीन बिंदू घेऊन ते जोडा. जो प्रचंड त्रिकोण मिळतो तो पॉलिनेशिया. सामोआ, टोंगा, ताहिती ही बेटे त्याच्या पोटात येतात. या लोकांचे पूर्वज सुमारे २,८०० वर्षांपूर्वी टोंगा आणि सामोआ येथे पोहोचले, तेव्हा त्यांना मातीची भांडी घडवता येत होती. त्यांची खापरे उत्खननात सापडली आहेत. पण पुढे काही शतकांत त्यांनी मडकी घडवणेच सोडून दिले. नंतर त्यांच्या होड्या हवाई व न्यूझीलंडपर्यंत गेल्या, त्या मडक्यांवाचूनच. होडीत बरोबर काय होते? अळवाचे गड्डे, कोनफळे, केळीचे मुनवे, नारळ, ऊस, नीरफणसाची रोपे, आणि कोंबड्या, डुकरे, कुत्री.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. कोकणातल्या एखाद्या वाडीतले परसू वर्णन केल्यासारखे वाटते की नाही? यातले अळू आणि कोनफळ हे 'तसलेच काहीतरी' नव्हे, तर वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्याच जातीचे आहेत. सामोआ व टोंगामध्ये ज्याला 'उफि' म्हणतात ते आपले कोनफळ, आणि हवाईत ज्याला 'कालो' म्हणतात ते आपले अळू. पॉलिनेशियन लोकांचे मूळ आग्नेय आशियाकडचे असल्यामुळे ही झाडे त्यांच्याबरोबर पूर्वेकडे गेली. आपल्याकडे ती जुन्या काळापासून आहेतच. मावळात, वडिवळे धरणाच्या आसपासच्या एखाद्या गावात पावसाळ्यात गेलात, तर एकावर एक उतरत गेलेली भाताची खाचरे दिसतील. हवाईतील अळवाची शेतेही अगदी अशीच: बांध घातलेली, पाण्याने भरलेली, आणि ओढ्यातून पाट काढून वरच्या खाचरातले पाणी खालच्या खाचरात सोडलेले. फरक एवढाच, की आपण खाचरात भात लावतो आणि अळवाला सांडपाण्याच्या कडेची जागा देतो. तिथे खाचराचा मान अळवाला आहे. हवाईच्या पुराणकथेत अळू हा माणसाचा थोरला भाऊ मानलेला आहे. आपण मात्र त्याला 'फदफदे' म्हणतो! (लग्नाच्या पंगतीतले फदफदे मला स्वतःला अतिशय प्रिय आहे, हा भाग वेगळा.)

आता अळू खाजते का, ते पाहू. कारण सगळ्या गोष्टीची मेख तिथेच आहे. अळवाच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते दोन्ही टोकांना अणकुचीदार, सुयांच्या जुडग्यासारखे असतात. कच्चे अळू चावले, की या सुया जिभेत आणि घशात रुततात. पुष्कळ वर्षे एवढेच कारण सांगितले जात असे. परंतु १९९० च्या दशकातील प्रयोगांत असे दिसले, की या सुया धुऊन स्वच्छ केल्या तर त्या फारशा खाजत नाहीत. खाज आणणारे प्रथिन सुयांच्या पृष्ठभागावर चिकटलेले असते. सुई टोचते आणि प्रथिन आग लावते, अशी ही जोडगोळी आहे. आता कॅल्शियम ऑक्झलेट उकळत्या पाण्याच्या तपमानाला वितळत नाही की विघटित होत नाही. प्रथिन मात्र उष्णतेने बिघडते, जसा उकळल्यावर अंड्याचा पांढरा बलक पुन्हा पातळ होऊ शकत नाही तसे. म्हणून अळू शिजवायचे म्हणजे त्याच्या गाभ्यापर्यंत उकळबिंदूच्या जवळचे तपमान पोहोचवायचे, आणि बराच वेळ ते तिथे टिकवून धरायचे. थोडक्यात, मोठ्या ज्वाळेपेक्षा टिकाऊ आच हवी. ज्वाळा तर निसर्गतः चंचल. मग आच टिकवायची कशात?

पॉलिनेशियन लोकांनी ती दगडात टिकवली.

त्यांच्या या भट्टीला सामोआ-टोंगामध्ये 'उमु' म्हणतात, हवाईत 'इमु'. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत तिला 'हांगी' हे नाव आहे. हवाईची पद्धत अशी. जमिनीत उथळ खड्डा खणायचा. त्यात लाकडे रचायची, लाकडांवर मुठीएवढे ते नारळाएवढे दगड पसरायचे, आणि आग लावायची. दगड प्रथम काजळीने काळे होतात. मग ते आणखी तापले, की ती काजळीच जळून जाते आणि ते पुन्हा उजळ दिसू लागतात. दगड पुरेसे तापल्याची ही खूण. तपमापक नव्हता, पण खुणेत भौतिकी पक्के आहे: काजळी जळून जाण्याइतके तपमान आले, म्हणजे दगड काही शे अंशांवर गेला. मग उरलेली जळकी लाकडे बाहेर ओढून काढतात आणि दगड सारखे करतात. त्यांवर केळीचे खांब ठेचून अंथरतात, वर पाने, पानांवर अळवाचे कंद, कोनफळे, नीरफणस, पानात गुंडाळलेले मासे किंवा मांस, पुन्हा पानांचा जाड थर, त्यावर चटया, आणि शेवटी माती. कुठून वाफ निसटताना दिसली, की तिथे आणखी एक ढेकूळ. मग दोन, तीन, चार तास, पदार्थ आणि भट्टी किती मोठी आहे त्याप्रमाणे, कोणी तिकडे बघतही नाही. आग केव्हाच विझलेली असते. शिजणे नंतर सुरू होते.

हे खरोखर पुरते का? आपण हिशेबच करू. समजा, भट्टीत ५० किलो दगड आहेत आणि ते ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापवले. काळ्या पाषाणाची विशिष्ट उष्णता सुमारे ०.२ असते, म्हणजे १ ग्रॅम दगड १ अंशाने थंड होताना ०.२ कॅलरी उष्णता देतो. ५०० अंशांवरून १०० अंशांवर येईपर्यंत हे दगड ५०,००० × ०.२ × ४०० म्हणजे ४० लक्ष कॅलरी देतील. आता खाद्यपदार्थ २० किलो घेऊ. कंदांत पाणी पुष्कळ असते, म्हणून त्यांची विशिष्ट उष्णता ०.८५ धरू. ते ३० अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास २०,००० × ०.८५ × ७०, म्हणजे सुमारे १२ लक्ष कॅलरी पुरेत. हिशेबात २८ लक्ष कॅलरी शिल्लक राहतात! त्यांतल्या काही माती तापवण्यात जातील. बाकीच्या पाण्याची वाफ करतील. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी सुप्त उष्णता लागते. तेव्हा सगळी शिल्लक त्याच कामी आली असे धरले, तरी पाच लिटर पाण्याची वाफ होईल. आता ठेचलेल्या केळीच्या खांबांचे काम तुमच्या ध्यानात आले असेल. केळीच्या खांबात वजनाच्या नऊ-दशांशाहून अधिक पाणीच असते. ५०० अंशांचा दगड थेट कंदाला टेकला असता तर कंदाचा कोळसा झाला असता; मध्ये हा ओला थर आला, की दगडाची सगळी तडफ वाफ करण्यात खर्च होते. वाफ वर चढते, थंड कंदावर तिचे पुन्हा पाणी होते, आणि घेतलेल्या ५४० कॅलरी ती तिथे जशाच्या तशा परत करते. भट्टीत पाणी शिल्लक आहे तोवर अन्नाभोवतालचे तपमान १०० अंशांच्या आसपासच राहते. ना करपण्याची भीती, ना कच्चे राहण्याची.

एखादा चौकस विद्यार्थी इथे शंका घेईल, आणि त्याने ती घ्यावीच. पाण्याची विशिष्ट उष्णता १, दगडाची ०.२. म्हणजे दर ग्रॅमला, दर अंशाला पाणी दगडाच्या पाचपट उष्णता साठवते. मग उष्णता साठवायला पाणीच का नको? कारण उघड्यावर पाणी १०० अंशांच्या पुढे जातच नाही. मावळात तर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, ते ९८ अंशांनाच उकळते. ज्याला स्वतः शंभरीवर नेऊन बसवायचे आहे, त्याला शंभर अंशांचे पाणी काय देणार? दगड पाचशेवर जाऊ शकतो, आणि तिथेच बाजी मारतो. टिकण्याचे काम मातीचे. कोरडी माती आणि पानांच्या थरांत अडकलेली हवा ही दोन्ही उष्णतेची मंदवाहक आहेत. थंडीत आपण गोधडी ओढून घेतो तशी ही भट्टी मातीची गोधडी ओढून घेते.

दगड कोणता, हेही महत्त्वाचे. हवाई बेटे ज्वालामुखीतून वर आलेली असून तेथील खडक बेसाल्ट आहे. आणि आपण ज्यावर उभे आहोत तो सह्याद्री? तोही बेसाल्टच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हाचा. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी याच खडकात कोरलेली आहेत. तेव्हा इमुचा दगड मावळच्या माणसाला अनोळखी नाही. परंतु प्रत्येक काळा दगड या कामाचा नसतो. बेटांवरचे जाणते लोक घट्ट, कोरडा दगड निवडतात आणि ओढ्यातला ओला किंवा फुटीर दगड टाळतात. कारण उघड आहे: बंद पोकळीतल्या पाण्याची वाफ होताना ते सुमारे १,६०० पट जागा मागते. जागा मिळाली नाही, की दगड फुटतो आणि त्याच्या कपच्या गोळीसारख्या उडतात. आपल्या दख्खनी बेसाल्टमध्ये तर आणखी एक गंमत आहे. त्याच्या पोकळ्यांत पुष्कळदा पांढरे, चमकदार स्फटिक आढळतात. ही झिओलाइट जातीची खनिजे. पुण्याच्या आसपासच्या खाणी त्यांच्यासाठी जगभर प्रसिद्ध आहेत. झिओलाइटच्या स्फटिकजालातच पाणी दडलेले असते आणि तापवले की ते बाहेर पडते. क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये या खनिजांना नाव दिले, त्याचा ग्रीक अर्थच मुळी 'उकळणारा दगड' असा आहे. असे पांढरे डोळे असलेला दगड भट्टीत घालणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

दगडाच्या आकारमानातही हिशेब आहे. दगडाचा व्यास दुप्पट केला, तर उष्णता त्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. फार मोठा दगड आतून तापण्याआधीच सरपण संपेल. अगदी बारीक खडे तापतील लवकर, पण तितक्याच लवकर निवतील. मुठीएवढा ते नारळाएवढा हे माप अनुभवाने ठरलेले आहे.

भट्टी उघडल्यावर काय काय निघते? सामोआत अळवाची कोवळी पाने नारळाच्या घट्ट दुधासह पुरचुंडीत बांधून भाजतात. तिला 'पालुसामी' म्हणतात. आपल्या अळूवडीची ही दूरची बहीणच, फक्त बेसन आणि चिंच नाही. हवाईत शिजलेले अळवाचे कंद सोलून लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटतात, थोडे पाणी घालत राहतात, आणि त्याचा गुळगुळीत जांभळट लगदा करतात. तो 'पोई'. पोई किती घट्ट आहे हे बोटांच्या संख्येवरून सांगण्याची तिथे रीत आहे. घट्ट पोई एका बोटाने उचलता येते, पातळ असेल तर दोन किंवा तीन बोटे लागतात. ती दोन-चार दिवस ठेवली की आंबते, आणि आंबटसर पोई आवडीने खाल्ली जाते. दही लावणाऱ्या जीवाणूंच्या भाईबंदांचेच हे काम.

नीरफणस आंबवून टिकवण्याची पद्धत तर याहून थक्क करणारी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील मुलांना नीरफणसाचे तळलेले काप ठाऊक असतील. हे झाड हंगामात एकदम लदलदून फळते. मग महिनोन्महिने काहीच नाही. त्यात वादळ आले, तर झाडेच झोपतात. म्हणून बेटांवरचे लोक जास्तीची फळे पानांनी मढवलेल्या खड्ड्यात दाबून, वरून झाकून आंबवत ठेवीत. हवा लागू दिली नाही, तर हा आंबलेला गर कित्येक महिने, काही ठिकाणी वर्षानुवर्षेही टिके. दुष्काळात तो काढून पुन्हा उमुत भाजायचा. या फळाची कीर्ती ऐकून इंग्रजांनी १७८७ मध्ये 'बाउंटी' नावाचे जहाज ताहितीला धाडले. वेस्ट इंडीजमधील मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्त अन्न मिळावे, हा हेतू. या जातीला बी धरत नाही, म्हणून हजारावर जिवंत रोपे जहाजावर चढवली. २८ एप्रिल १७८९ रोजी खलाशांनी बंड केले, कप्तान ब्लाय याला होडीत बसवून सोडून दिले, आणि रोपे समुद्रात फेकली. पुढे दुसऱ्या सफरीत, १७९३ मध्ये, ब्लायने रोपे वेस्ट इंडीजला पोहोचवलीच.

भौतिकीकडे परत येऊ, कारण आपल्या घराजवळचे उदाहरण अजून राहिलेच आहे. लोणावळ्याहून बोरघाट उतरून रायगड जिल्ह्यात गेलात आणि दिवस थंडीचे असले, तर संध्याकाळी शेतात 'पोपटी' लावलेली दिसेल. एका मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावतात. त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, कोणी अंडी किंवा कोंबडी, ओवा आणि खडे मीठ भरतात. पाण्याचा किंवा तेलाचा थेंबही नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडके जमिनीवर उपडे ठेवतात आणि भोवती गवत, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवतात. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडायचे; ते चर्रकन उडून गेले, की पोपटी तयार.

मडके उपडेच का ठेवायचे? पाण्याच्या रेणूचा भार १८, हवेच्या रेणूंचा सरासरी २९. म्हणजे सारख्या तपमानाला वाफ हवेपेक्षा बरीच हलकी. मडके सुलटे असते, तर शेंगांतून निघालेली वाफ वरच्या तोंडातून पाला भेदून निघून गेली असती. उपडे ठेवल्यावर ती वर, बुडाच्या पोकळीत साठते आणि जड हवेला खालच्या पाल्यातून बाहेर ढकलते. थोड्या वेळाने मडक्यात जवळजवळ नुसती वाफच उरते, आणि शेंगा स्वतःच्याच पाण्यावर शिजतात. उमुमध्ये आच आधी साठवून मग अन्न ठेवतात. पोपटीत अन्न आधी आणि आग बाहेरून. पण दोन्हीकडे खरा आचारी वाफच. आगटीत भाजलेली हुरड्याची कणसे किंवा चुलीच्या फुफाट्यात पुरलेले रताळे हे या दोहोंचे धाकटे नातलग.

बेटांवरची ही चूल आज सणासमारंभाला पेटते, आणि सामोआसारख्या ठिकाणी रविवारच्या जेवणासाठीही. रोजच्या ताटात मात्र पांढरा तांदूळ, मैदा, साखर आणि डब्यातले चरबीयुक्त मांस यांनी ठाण मांडले आहे, आणि त्याबरोबर मधुमेह व स्थूलता यांनीही. हवाईतील ओआहू बेटावर, वायआनाए येथे, एक प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. वीस मूळ हवाईवासीयांना २१ दिवस फक्त जुन्या पद्धतीचा आहार दिला: अळू, पोई, रताळी, कोनफळे, नीरफणस, पालेभाज्या, फळे, आणि थोडे मासे व कोंबडी. हवे तेवढे खा, असे सांगितले होते. तरीही त्यांच्या पोटात जाणारी ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी घटली. वजन सरासरी ७.८ किलोने उतरले, रक्तातील कोलेस्टेरॉल सुमारे १४ टक्क्यांनी. पोट भरत होते, पण पोट भरायला लागणाऱ्या कॅलरी कमी झाल्या होत्या. कंदांत पाणी आणि तंतू पुष्कळ, चरबी जवळजवळ नाही. त्याचा हा परिणाम.

शेवटी, शाळेच्या प्रयोगशाळेत करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. दगड आगीत टाकण्याचा मोह टाळा. कारण वर दिलेच आहे. साधारण ५०० ग्रॅम वजनाचा, घट्ट काळा, पांढरे डोळे नसलेला दगड शोधा. त्याचे वजन करा, त्याला दोरा बांधा आणि उकळत्या पाण्यात वीस मिनिटे लोंबता ठेवा. दुसरीकडे, बाहेरून फडके गुंडाळलेल्या डब्यात दगडाच्या वजनाइतकेच साधे पाणी घेऊन त्याचे तपमान टिपून ठेवा. शिक्षकांच्या देखरेखीखाली दगड दोऱ्याने उचला, क्षणभर निथळू द्या, चटकन डब्यात सोडा, पाणी ढवळा, आणि सर्वांत जास्त तपमान किती आले ते लिहा. पाणी २५ अंशांवर होते, दगड १०० अंशांवर होता आणि दगडाची विशिष्ट उष्णता ०.२ असेल, तर तपमापक ३७.५ अंशांवर थांबायला हवा. मावळातल्या शाळांनी १०० च्या जागी ९८ घेऊन हिशेब करावा. डबा स्वतः किती उष्णता घेतो, तेही मोजून उत्तर सुधारता येईल. तुमच्या गावच्या दगडाचा आकडा किती येतो?